परदेशी दत्तक आणि आपला कायदा

श्रोतेहो, झाशीची हकीकत आपणां सर्वांना ठाऊक आहे. १८५३ साली गंगाधरराव नेवाळकरांनी मरणाच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला. विधी यथासांग झाला. पण कंपनी सरकारने त्या मुलाला गादीचा वारस मानले नाही. आता संस्थाने गेली. तरी मूल एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक जाते, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. इथले दत्तक तिथले सरकार मानील का?

न मानले तर हाल मुलाचे होतात. पूर्वी आपल्याकडे परदेशी जोडप्यांना १८९० च्या कायद्याखाली मुलाचे नुसते पालकत्व मिळे. दत्तकाचा हुकूम त्यांनी आपल्या देशी जाऊन घ्यायचा असे. कोणी घेतला, कोणी राहू दिला. परदेशांतून अमेरिकेत दत्तक गेलेली कित्येक मुले तिथे लहानाची मोठी झाली आणि मग त्यांना कळले, की आपण इथले नागरिकच नाही! तिथे २००० साली नवा कायदा झाला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. पण त्या दिवशी ज्यांना अठरा वर्षे पुरी झाली होती, त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशा दत्तकांना नियम घालून दिले. पुढे १९९३ साली हेग शहरी आंतरराष्ट्रीय करार झाला. २००३ साली भारत त्यात सामील झाला. कराराप्रमाणे पार पडलेल्या दत्तकाचा दाखला मिळाला, म्हणजे करारातले इतर देश ते दत्तक आपोआप मानतात. मूल परदेशी द्यायचे तेही इथे योग्य घर मिळाले नाही तरच. दत्तकाचा हुकूम सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात आणि कराराचा दाखला दिल्लीची ‘कारा’ ही सरकारी संस्था देते.

आता आपल्या घरातली गोष्ट घ्या. समजा, परदेशी स्थायिक झालेल्या निपुत्रिक भावाला बहिणीने आपला मुलगा दिला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे देणे-घेणे झाले, दत्तकपत्राची नोंदणी झाली. इथे ते दत्तक पक्के. पण तेवढ्या कागदावर पोराला विमानात बसवू नका. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी, त्या देशाची संमती आणि ‘कारा’चे ना-हरकत पत्र हवे. बारसे-मुंज करून मोकळे होण्याआधी ही चौकशी करा. नाहीतर मूल कायद्याने मामाचे, राहते आईजवळ, आणि शाळेच्या दाखल्यावर नाव कोणाचे लावावे याचा गुरुजींना पेच!

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एखादी अडलेली माउली तान्हे मूल कोणाच्या ओटीत घालू पाहते. मध्यस्थ म्हणतो, “स्टँपपेपरवर सही करा, काम झाले.” ऐकू नका. अशा देण्याघेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे न्या, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. समितीपुढे मूल सोपवल्यावरही फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. मध्यस्थाच्या कागदात ही सवलत नसते.

गुरुजनहो, गावात कागद वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येतात. असा कागद समोर आला, तर मूल घराबाहेर पडण्यापूर्वीच मायबापांना या चार गोष्टी समजावून सांगा.