पिवळा धोत्रा कोणाच्या घरचा?

श्रोते हो, मिनिटं मोजकीच मिळाली आहेत, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो: पिवळा धोत्रा हा धोत्रा नाही. तो खसखशीचा भाऊबंद आहे.

आपल्या बुलढाण्यात होळीच्या सुमारास धुऱ्यावर, पडीत वावरात, पैनगंगेच्या कोरड्या पात्रात हा फुललेला दिसतो. पानं काटेरी, शिरा पांढऱ्या, मोडलं की पिवळा चीक. बोंडावरही काटे, म्हणून आपण नाव ठेवलं धोत्रा. अहो, आडनाव एक म्हणून भावकी होते का? सोयरीक करताना कुळ विचारता ना? झाडाचं कुळ फुलात असतं. काट्यात नाही, पानात नाही, फुलात.

लग्नघरात आलोच आहोत, तर अंतरपाटही बघून घ्या. याची कळी शिंगं असलेल्या तीन निदलांनी झाकलेली असते. फूल उमललं की निदलं गळून पडतात. अंतरपाट दूर! आत सहा सुट्या पाकळ्या, घडीतून नुकत्याच काढलेल्या लुगड्यासारख्या चुरगळलेल्या. मधे पुंकेसरांचं हे वऱ्हाड. आपलं नव्हे, लग्नातलं. खसखशीच्या घरीही हीच रीत. निदलं दोन, पाकळ्या चार, पण अंतरपाट तसाच गळतो. खरा धोत्रा मात्र वांग्या-मिरचीच्या घरचा. त्याच्या पाकळ्या जुळून कर्णा झालेला, आणि अंतरपाट इतका चिवट की त्याचं बूड फळाखालीही चिकटून राहतं.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, कुळ कळून करायचं काय? ऐका. पिवळा धोत्रा ओळखता यायलाच हवा. मूळच्या मेक्सिकोच्या या पाहुण्याची बी मोहरीसारखी काळी. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हिचं तेल मिसळलं गेलं. अंगावर सूज येऊन साठाहून अधिक माणसं दगावली. तेव्हा फोडणीची मोहरी निवडून घ्या. शंका आली तर दाणा चिरडून पाहा: मोहरी आतून पिवळी, ही पांढरी. आणि याचा चीक डोळ्यांत घालणाऱ्या आजीबाईंना हात जोडून सांगतो, घालू नका हो.

आता अनारशावरची खसखस. तिच्या बोंडाला वर झाकण, झाकणाखाली बारीक भोकं. वारा आला की बोंड हलतं आणि... काचेपलीकडून हात दाखवताहेत. बरं, राहिलं ते. उद्या वावरात जाल, तेव्हा एक कळी उमलताना पाहा. पिवळा धोत्रा हा धोत्रा नाही.