संमेलनाला जाण्यापूर्वी



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरच्या पाहुण्या बोलावतो. या वर्षी चिटणीसबाईंनी मलाच धरले. म्हणाल्या, "तुम्ही साहित्य संमेलनाला निघाला आहात, तर त्याची तयारी कशी चालली आहे तेच सांगा. तेवढीच तुमची तालीम होईल." म्हणून उभी आहे. हात थरथरताना दिसले तर तिकडे पाहू नका.

पुढच्या महिन्यात मराठी ख्रिस्ती साहित्यिकांचे संमेलन आहे. तिथे नव्या लेखिकांना सात सात मिनिटे दिली आहेत आणि त्यांत माझे नाव आहे. शिक्षण सातवी. छापून आलेला लेख एक. पत्र आले तेव्हा ह्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "पत्ता तर आपलाच आहे."

तुमच्यापैकी दोघीतिघींनी मला विचारले की ख्रिस्ती साहित्य म्हणजे सगळे इंग्रजीत असेल, नाही का? नाही हो. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, पण गोव्यात राहून त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले, तेही ओवीत. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. १६१६ साली राचोलला ते रोमन लिपीत छापले. पुढे १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' निघाला. आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर दिब्रिटो होते. ते २०२४ साली वारले. त्यांचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले असेल. हे सारे मी या दोन महिन्यांत वाचनालयातून पुस्तके आणून पाठ केले आहे, कारण तिथे चहाच्या वेळी कोणी काही विचारले तर नुसते हसून वेळ मारून नेता येणार नाही.

आता माझी सात मिनिटे. मी आईच्या जात्यावरच्या ओव्यांविषयी वाचणार आहे. आई नेवासे तालुक्यातली. (ज्ञानेश्वरी जिथे झाली तेच नेवासे. आई हे अभिमानाने सांगे.) पहाटे दळताना ती येशूच्या जन्माच्या ओव्या म्हणे. त्यांत बेथलेहेम म्हणजे आमच्या गावचा गोठाच. मरियेला माहेरचे कोणी जवळ नाही, डिंकाचा लाडू नाही, बाळंतिणीला शेकायला शेगडीसुद्धा नाही, गुरांच्या श्वासाची काय ती ऊब, अशी हळहळ आई करी. मी लहानपणी समजत होते की मरिया ही आमची कोणी मावशीच आहे. आई जाऊन चार वर्षे झाली. बहिणीला त्यांतले काही आठवत नाही. माझ्या वहीत तेवीस ओव्या आहेत, आणि माझ्या माहितीत त्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

अडचण आली ती या वहीपाशीच. मुलगा कॉलेजात जातो. त्याने लेख टाइप करायला घेतला आणि म्हणाला, "आई, आजी 'इस्वास' म्हणायची, 'तारनारा' म्हणायची, ते मी सुधारून ठेवतो. तिथे प्राध्यापक असतील, लोक हसतील." तो माझ्या काळजीनेच बोलला. दोन दिवस मीही तसेच म्हणत होते. मग शुद्ध केलेला कागद मोठ्याने वाचून पाहिला. ओवी सगळी नीट होती, पण जात्याची घरघर गेली होती आणि आईही गेली होती. कुणीतरी शिकलेली बाई बोलत होती.

आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे आणखी निराळे. "जाते, ओवी ही आपली रीतच नव्हे, ते संमेलनात कशाला?" त्यांच्याशी मी वाद घातला नाही, पण ख्रिस्तपुराणाचे साल मात्र सांगितले. पुराणातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे, हे मलाही कळते. तरी नाव एकच आहे ना! चारशे वर्षांपूर्वी परमुलखातल्या पाद्र्याला जी ओवी परकी वाटली नाही, ती नेवाशाच्या बाईला कशी परकी वाटावी?

त्या दिवसांत मला खरा धीर दिला तो लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचा जन्म १८६८ चा, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा, म्हणजे त्या आपल्या गाववाल्याच. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लग्नानंतर टिळकांनी अक्षरे शिकवली. नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनात १९३३ साली त्या अध्यक्षा झाल्या, तेव्हा 'स्मृतिचित्रे' अजून पुस्तकरूपाने निघायचे होते. ते निघू लागले १९३४ पासून. ते पुस्तक मी या वेळी तिसऱ्यांदा वाचले. त्या घरात जशा बोलत असतील तशाच लिहितात. सोवळे, भांडणे, नवऱ्याचा विसरभोळेपणा, सगळे आहे. कुठे शालजोडी पांघरून बसल्या आहेत असे वाटत नाही. त्यांच्याशी माझी बरोबरी मुळीच नाही. पण मुलाला एवढे सांगता आले की ओव्या आईच्या तोंडच्या तशाच राहतील. माझी स्वतःची वाक्ये तू हवी तेवढी तपास. ऱ्हस्वदीर्घ त्याने बावीस ठिकाणी काढले. त्याबद्दल त्याचे आभार.

बाकीची तयारी म्हणाल तर तुम्ही हसाल. पहिल्यांदा वाचून पाहिले तर अकरा मिनिटे लागली. चार मिनिटे कुठून काढायची? आधी वाटले, ओव्या कमी कराव्यात. मग पाहिले की सुरुवातीला मी पाऊण पान नुसती आपल्या अज्ञानाची क्षमा मागत होते. ते पान काढले. माहेरच्या वाड्याचे वर्णनही काढले. आता सात ओव्या आणि पावणेसात मिनिटे. रोज दुपारी ओट्यापाशी उभी राहून वाचते, कारण तिथेही उभ्यानेच वाचायचे आहे आणि बसून वाचताना येणारा आवाज उभ्याने येत नाही. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहिले आहे, पानांवर आकडे घातले आहेत. एक प्रत पर्समध्ये, एक पिशवीत. चष्म्याची जुनी जोडीही बरोबर घेतली आहे. पातळाबद्दल जाऊबाईंनी बराच खल केला. शेवटी निळे इरकल ठरले, ते सुरकुतत नाही.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. ती ओवी आहे ना, बाळंतिणीच्या लाडवाची, तिथे आवाज भरून येतो आणि पुढचा शब्द निघत नाही. वाचायची की गायची, हेही ठरत नाही. गायली तर निभावते असे दिसते, कारण चाल आपोआप पुढे नेते. अध्यक्षाबाईंची परवानगी असेल तर तीच एक आता इथे म्हणून पाहते. सात मिनिटांतले एक मिनिट जाईल. ज्यांना जात्यावर दळल्याचे आठवत असेल त्यांनी सूर धरावा. आणि हो, संमेलनाच्या आठवड्यात गुरुवारी बालवाडीच्या खाऊची माझी पाळी आहे. ती कोणीतरी बदलून घ्या.