खाणीआधी ग्रामसभा



पर्यावरण कायद्याचा वकील म्हणून मी कंपन्यांना सल्ला देतो. वनजमीन हवी असली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मंजुरी कधी मिळेल?" मी त्यांना ओडिशातील नियमगिरीची गोष्ट सांगतो. तेथे डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार, या भरवशावर पायथ्याशी कारखाना आधीच उभा राहिला. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध आदिवासींच्या हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर लागतात. हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. म्हणून पाड्यांवर काम करणाऱ्यांना एकच विनंती: अंगठा उठण्याआधी कागद लोकांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा.