पिळण्याचं मशीन
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



कमिटीने बजावलं होतं, "आठवणी सांगा, पण धंद्याच्या नकोत." दुकानदाराकडे दुसऱ्या कुठल्या असणार? इथल्या बऱ्याच घरांत माझ्या कुडाळच्या दुकानातलं दोन टबांचं वॉशिंग मशीन आलं. शिव्या द्यायच्या असतील तर चहाच्या वेळी द्या.

1990च्या आसपास दूरदर्शनवर व्हिडिओकॉनची जाहिरात लागायची. कंपनी आपल्या औरंगाबादच्या धूत मंडळींची, गाणं मात्र इंग्रजी. मशीन धुतंय आणि बाई हसतेय. आम्ही दुकानदार तेच मराठीत सांगायचो, "वहिनींचा वेळ वाचतो." तेही वहिनींना नाही, भाऊंना. पाकीट त्यांच्याकडे.

सेमी म्हणजे अर्धं, हे मात्र हळूच सांगायचो. पाणी आपणच भरायचं. टायमर वाजला की जड ओले कपडे उचलून शेजारच्या टबात आपणच टाकायचे. खळबळायला परत इकडे. मशीनजवळ कुणीतरी उभं राहायचंच, आणि ते भाऊ नसायचे.

एकदा मुंबईच्या एका चाकरमान्याने चतुर्थीच्या आधी वालावलला आईसाठी मशीन बुक केलं. लक्ष्मीनारायणाच्या तळ्यापर्यंत टेम्पो गेला, पुढे पाणंदीतून चौघांनी उचलून नेलं. पाऊस धो धो. पडवीत मशीन मांडलं, बावीचं पाणी बादल्यांनी ओतलं आणि मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. आजी शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणि कपडे हेच्यातसून तेच्यात कोण घालतलो? तुझी कंपनी?"

सगळी पडवी हसली. मीही हसलो, काय करणार!

आजींनी मनगट दाखवलं. सुजलेलं. "धुवक काय नाय रे, पिळूक जमणा नाय."

दांडीवर त्यांचं नऊवारी लुगडं चार दिवस लटकत होतं. कुबट वास येत होता. ते पुन्हा पाण्यातून काढून छोट्या टबात घातलं आणि झाकण लावलं. आम्ही त्याला ड्रायर म्हणायचो. खरं तर त्यात गरम हवाबिवा काही नसते. भोकांची टोपली जोरात फिरते आणि पाणी बाहेर फेकलं जातं, एवढंच. पाच मिनिटांत पाइपातून खळ्यात ओहोळ लागला. आजींनी लुगडं हातात घेतलं, गालाला लावलं आणि म्हणाल्या, "ह्या ठेव."

परत येताना टेम्पोत मला कळलं, मी इतकी वर्षं चुकीचा टब विकत होतो. मृगापासून गणपतीपर्यंत आपल्याकडे कपडे धुण्याचा प्रश्न नव्हताच, दगड होता, दोण होती. प्रश्न पिळण्याचा आणि वाळण्याचा. पुढच्या पावसात दुकानाबाहेर खडूने एवढंच लिहिलं: 'मनगट दुखतं? कपडे वाळत नाहीत? आत या.' त्यानंतर वहिनी स्वतः यायला लागल्या. भाऊ मागून.

ती जाहिरातवाली कंपनी 2018मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात वालावलला गेलो, तर मशीन पडवीतच होतं. आजी नाहीत, सून वापरते. धुण्याच्या टबात सोललेले नारळ भरलेले, आणि शेजारचा टब घरघरत होता.