दीड कोटीचा नकार

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पत्रिकेवर आजचा विषय ‘दुर्मीळ वस्तूंचा बाजार आणि हौशी गिऱ्हाईक’ असा छापलाय. तो वाचून कुणी जुनी नाणी, पितळी दिवे किंवा निजामाच्या काळातली घड्याळं मनात धरून आलं असेल, तर आधीच माफी मागतो. मी गुरांवर बोलणार आहे. घोड्यांवर बोलणार आहे. आणि गाढवांवर तर नक्कीच.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात भंडारा उधळला जातो आणि यात्रा सुरू होते. ही यात्रा आपल्याला नवी नाही. पण अर्थशास्त्र शिकायला माळेगावाइतकी चांगली जागा मराठवाड्यात दुसरी नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. एकाच माळावर तीन बाजार भरतात. एकीकडे घोडे, एकीकडे गाढवं, आणि जिल्हा परिषदेच्या प्रदर्शनात लाल कंधारी नि देवणी गुरं. तिन्हीकडे भाव ठरण्याची तऱ्हा वेगळी.

जुन्या तऱ्हेपासून सुरुवात करू. बैलाचा सौदा आपल्याकडे रुमालाखाली होत आला. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि शेतकरी समोरासमोर बसायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि खाली बोटं दाबायचे. किती बोटं दाबली त्यावर आकडा. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. बाजूला उभ्या असलेल्याला सौदा जमल्याचं कळायचं, भाव कळायचा नाही. या पद्धतीला पुष्कळांनी नावं ठेवली, त्यात दलालीची लबाडी असते म्हणाले, आणि ती असतेच. पण तिचा एक गुण होता. रुमालाखालचा आकडा बढाईसाठी वापरता येत नव्हता. तो देण्याघेण्यासाठीच होता.

आता उलटं झालंय. भाव आधी जगाला कळतो, सौदा मात्र होतच नाही.

२०२० साली आटपाडीच्या बाजारात एक माडग्याळी मेंढा आला होता. माडग्याळ हे सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातलं गाव, तिथल्या मेंढ्यांचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. या मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं दीड कोटी सांगून ती नाकारली, अशी बातमी देशभर छापून आली. आता हिशेब करा. किती रुपये इकडून तिकडे गेले? शून्य. मागणी खरी धरली तरी विक्री झाली नाही. पण त्या नकारानं मेंढ्याची किंमत ठरली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या कोकरांना भाव आला. नकार हीच जाहिरात. हरियाणातल्या सिरसाचा ‘अनमोल’ नावाचा मुऱ्हा रेडा तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल. २३ कोटींचा म्हणून तो मेळ्यामेळ्यांतून फिरला. तोही विकला नाही. विकायचा नसतोच. त्याचं रेत विकायचं असतं, आणि रेताच्या कांडीला मोठा भाव यायचा तर रेड्याच्या गळ्यात मोठा आकडा अडकवावा लागतो.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. पण याला किंमतही म्हणणार नाही.

आता दुर्मिळतेकडे येऊ. हौशी माणूस नेहमी म्हणतो, ‘हे आता मिळत नाही हो, म्हणून एवढे मोजले.’ खरं का? २०१९ ची विसावी पशुगणना काढा. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातले घोडे आणि तट्टं ४५ टक्क्यांहून जास्त घटून साधारण ३ लाख ४० हजारांवर आली. भयंकर घट. म्हणून मारवाडी घोड्याला लाखांचा भाव, असं कुणी म्हणेल. मग गाढवाकडे बघा. त्याच सात वर्षांत गाढवं ६१ टक्क्यांनी घटली आणि देशभरात सव्वा लाखाच्या आसपास उरली. म्हणजे घोड्यापेक्षा गाढव दुर्मीळ! पण कुणी प्लॉटिंगवाला गाढव घेऊन फोटो काढताना पाहिलाय? (हशा)

हसू नका, मुद्दा गंभीर आहे. माळेगावात, जेजुरीत पौष पौर्णिमेला आणि मढीला जो गाढवांचा बाजार भरतो, तो मला या सगळ्यात प्रामाणिक वाटतो. वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार मंडळी येतात, दात बघतात, पाय बघतात. काठेवाडी गाढवाला गावरानापेक्षा जास्त पैसे देतात, कारण ते उंच असतं आणि ओझं जास्त नेतं. वीटभट्टीवर किती खेपा होतील हा हिशेब गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्का असतो. त्या हिशेबाच्या वर तो एक रुपया जात नाही.

घोड्याच्या बाजारात हा हिशेबच नाही. घोडा खेपा करत नाही. वरातीत नाचतो, मिरवणुकीत चालतो, बाकी वेळ खातो. तिथं किंमत कशाची? उंचीची, कानांच्या वळणाची, रंगाची. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, भाव वर. गळ्याखाली देवमण आहे, आणखी वर. भोवरा भलत्या जागी आला, भाव खाली. भोवरा म्हणजे केसांचा फिरलेला गुच्छ. त्यानं घोडा हळू पळत नाही की लवकर मरत नाही, पण जाणकार म्हणवणारी माणसं त्याच्यावर तासभर बोलू शकतात. जिथं उपयोगाचा हिशेब संपतो तिथं खुणांचं शास्त्र सुरू होतं. आणि शास्त्र जितकं गहन, तितका नवख्याचा खिसा हलका.

याच्याच शेजारी भीमथडीचं तट्टू ठेवा. मराठ्यांच्या फौजा ज्याच्या पाठीवरून अटकेपर्यंत गेल्या ते हे दख्खनी जनावर. बुटकं, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर जगणारं. आज ते धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहत हिंडतं. स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद कधी झाली? जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. इतिहास आहे, दुर्मिळता आहे, आता सरकारी शिक्काही आहे. हौशी गिऱ्हाईक मात्र नाही, कारण त्याच्यावर बसल्यावर माणूस उंच दिसत नाही.

तेव्हा वस्तू कमी आहे म्हणून ती महाग होत नाही. ती कमी आहे हे चारचौघांना दाखवता आलं पाहिजे.

ही काही आपल्याच मातीची खोड नाही. बेल्जियममध्ये वेस्टव्लेटरन नावाच्या गावी ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. साधू बीअर बनवतात. (वाळूजच्या बीअर कारखान्यांतल्या मंडळींनी कान टवकारू नयेत, त्यांची बाटली कुणी जपून ठेवत नाही.) मठाचा खर्च भागेल एवढीच बनवायची, जास्त नाही, असा त्यांचा नियम. ती जगातली सर्वोत्तम बीअर असं लोकांनी ठरवलं आणि साठेबाजी सुरू झाली. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका दुकान-साखळीनं मठात दोन युरोंच्या आत मिळणारी बाटली सुमारे दहा युरोंना विकली, तेव्हा साधूंनी जाहीर निषेध केला. गंमत बघा, बनवणारा म्हणतोय भाव उतरवा, आणि घेणारा वाढवून द्यायला तयार! अमेरिकेत अशा बाटल्या तळघरात ठेवून अदलाबदल करणारे आहेत. त्यांतल्या पुष्कळ बाटल्या उघडल्याच जात नाहीत, कारण उघडली की ती फक्त बीअर उरते. आपल्या वळूचं तसं नाही. तो रोज खातो, आजारी पडतो आणि म्हातारा होतो. जिवंत वस्तूचा संग्रह करणं फार महागात पडतं.

आता आपल्या अंगणात येतो. लाल कंधारी आणि देवणी. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर हा लाल कंधारीचा पट्टा. देवणी, उदगीर, निलंगा हा देवणीचा. देवणीत अंगावरच्या काळ्या डागांवरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार. ही जनावरं घडली ती काळ्या जमिनीत खोल नांगर ओढण्यासाठी आणि मे महिन्याच्या उन्हात कडब्यावर तग धरण्यासाठी. निव्वळ दुधासाठी नव्हे. लाल कंधारी गाय एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देते, देवणी साडेआठशेच्या. लिटरला चाळीस रुपये धरा. लाल कंधारीचं वेत झालं चोवीस हजारांचं, देवणीचं चौतीस हजारांचं. त्यातून पेंड, कडबा आणि माणसाचे कष्ट वजा करा. शिल्लक काय राहील ते तुम्ही मनात म्हणालातच.

गाय दुधावर परवडत नव्हती, ती गोऱ्ह्यावर परवडायची. गोऱ्हा वाढवायचा, औताला शिकवायचा, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात उभा करायचा. ट्रॅक्टर आला आणि हे गणित पहिल्यांदा हललं. दुसरा धक्का मार्च २०१५ चा. राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. मी इथं धर्माची चर्चा करायला उभा नाही, भावाची करतोय. थकलेल्या बैलाला आधी शेवटचं गिऱ्हाईक होतं, त्यामुळे भावाला एक तळ होता. तो निघाला. जनावर निरुपयोगी झालं की त्याची किंमत शून्याच्याही खाली जाते, कारण चारा चालूच असतो.

म्हणजे एकाच जातीला आज दोन भाव आहेत. प्रदर्शनात पहिला आलेल्या वळूच्या गळ्यात लाखांचा आकडा. आणि त्याच जातीचा, त्याच रंगाचा, त्याच रक्ताचा बैल दुष्काळाच्या उन्हाळ्यात बाजारातून परत घरी. मधलं काही नाही. तिसरा भावही आहे, सरकारचा. २०२२ साली गुरांचा लम्पी आजार आला, बाजार बंद झाले. मेलेल्या जनावराची भरपाई राज्यानं ठरवली ती अशी : गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार. वंशावळ, वशिंड, पदक, फेटा, काही विचारलं नाही. मला तो आकडा अपुरा वाटतो, पण दीड कोटीपेक्षा तो खऱ्याच्या जास्त जवळ आहे, हे कडू असलं तरी सांगायला हवं.

तेव्हा हौशी माणसानं जातीचं वाटोळं केलं, असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. ते मी म्हणणार नाही. खिलार बैलांचं बघा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यत परत आली तशी पश्चिम महाराष्ट्रात खोंडांना किंमत आली. आदत, दुसा, चौसा, दातागणिक भाव. शर्यत नसती तर खिलारचे कित्येक गोठे रिकामे झाले असते. हौस होती म्हणून जात टिकली. माझी तक्रार एवढीच, की हौस निवडून टिकवते. तिला पळणारा खोंड हवा, त्याची आई नको. तिला वशिंड उंच हवं, पोळी लोंबती हवी, कातडीला तकाकी हवी. ती तकाकी येण्यासाठी वळूला दूध, अंडी, बदाम चारतात. कडब्यावर जगणं हा ज्या जातीचा गुण, तिच्या नायकाला बदाम! चार पिढ्या असा निवडलेला वळू वापरला तर निपजणारं वासरू मुखेडच्या माळावर जगेल का? याचं उत्तर प्रदर्शनाच्या रिंगणात मिळत नाही.

आणि नवशिक्यांना एक इशारा. एमू आठवतो ना? ऑस्ट्रेलियाचा पक्षी, आणि आपल्या शेतात जाळीची कुंपणं. त्याचं मांस कुणी खात नव्हतं, तेल कुणी मागत नव्हतं. जोडी घ्यायची, पिल्लं काढायची आणि पुढच्या शेतकऱ्याला विकायची. पुढचा शेतकरी संपला त्या दिवशी भाव संपला. २०१२ मध्ये तमिळनाडूतला मोठा डोलारा कोसळला. मग कडकनाथ आला. कोंबडी खरी, झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण इस्लामपूरच्या एका कंपनीनं पिल्लं देऊन अंडी परत घेण्याचे करार केले आणि २०१९ मध्ये शेतकरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर. जनावर अस्सल असलं म्हणून भाव अस्सल होत नाही. ते खाणारा, पिणारा किंवा कामाला जुंपणारा साखळीच्या शेवटी उभा आहे का, एवढं बघायचं.

पैसा कुठून येतो, असं मघाशी एका तरुणानं चिठ्ठीवर विचारलंय. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, प्लॉटिंग, ठेकेदारी. लातुरात आणखीही एक मोठा धंदा आहे, पण क्लासवाले सर पुढच्याच रांगेत बसलेत. (हशा) त्या पैशाला गावात मान हवा असतो. गाडी सगळ्यांकडे आली, बंगला झाला. दावणीला देखणं जनावर असणं हे आपल्याकडे पाटीलकीचं लक्षण होतं, ते आता विकत घेता येतं. यात मला वाईट काही दिसत नाही. पूर्वी हीच माणसं तमाशाच्या फडावर पैसे उडवत होती, निदान आता एक गाय जगते.

शेवटी एक सूचना करतो, संयोजकांनी हवं तर ठराव म्हणून जिल्हा परिषदेकडे धाडावी. माळेगावच्या प्रदर्शनात वळूच्या शेजारी पाटी असते, त्यावर मालकाचं नाव, गाव आणि मिळालेली पदकं असतात. त्यात तीन ओळी वाढवा. त्याच्या आईचं वेताचं दूध. त्याच्यापासून झालेली किती वासरं आज शेतकऱ्यांच्या गोठ्यात आहेत. आणि ज्याला किंमत सांगायची असेल त्यानं बाजार समितीची पावती डकवावी, खरेदीची किंवा विक्रीची. पावती नसेल तर आकडा लिहू नये. कोटींची मागणी आलेल्या मालकानं पाटीवर ‘मागणी आली’ एवढंच लिहावं, आम्ही फेटा बांधून त्याचा सत्कार करू.

प्रश्न असतील तर विचारा. सकाळी आपलं जनावर बाजारात नेणाऱ्यांनी आधी विचारावं, त्यांना लवकर उठायचंय.