डायलिसिसची पूर्वसिद्धता
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

 

उत्सवाच्या मंगल वातावरणात मूत्रपिंडे निकामी होण्यासारख्या दुर्धर विकाराविषयी बोलावे की नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. परंतु श्रीमठाच्या व्यवस्थापक मंडळींनी हाच विषय सुचविला, यात मोठे औचित्य आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एकाचाही प्रवेश झालेला नाही असे घर आज आपल्यात विरळाच. आणि मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याच्या कारणांत हेच दोन विकार अग्रभागी आहेत. ज्या संकटाची चाहूल आपल्या उंबरठ्यापाशी आहे त्याविषयी देवळाच्या मंडपात चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात इतकेच : डायलिसिस लागणार हे कळणे आणि ते प्रत्यक्ष सुरू होणे, या दोहोंमध्ये पुष्कळांना काही महिन्यांचा, कित्येकांना वर्षा-दोन वर्षांचाही अवधी मिळतो. हा अवधी भीतीत दवडावयाचा की सिद्धतेत वेचावयाचा, यावर रुग्णाचे पुढील आयुष्य फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

प्रथम या उपचाराचे स्वरूप पाहू. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकून बाकीचा सर्व रक्तात परत घेतात. हे कार्य थांबले म्हणजे विषारी द्रव्ये, क्षार व पाणी शरीरात साचू लागते. पातळ पडद्यातून लहान कण पलीकडे जातात व मोठे कण अलीकडे राहतात, या तत्त्वाला थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली ‘डायलिसिस’ हे नाव दिले. त्या तत्त्वावर माणसाच्या उपयोगी पडणारे यंत्र विलेम कोल्फ या डच वैद्याने १९४३ साली तयार केले. हॉलंड तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होते, साहित्य मिळत नव्हते. म्हणून त्याने मांसाच्या पदार्थांवर चढवावयाची सेलोफेनची नळी पडदा म्हणून वापरली. त्याचे आरंभीचे रुग्ण बहुतेक दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्राने वाचली. तथापि कायम निकामी झालेल्या मूत्रपिंडांवर हा उपचार वर्षानुवर्षे करता येईल, हे १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दाखविले. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा त्यानंतर अकरा वर्षे जगला.

आपल्या देशातील एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७५ साली आणीबाणीत स्थानबद्ध असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुक्ततेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले आणि १९७९ च्या ऑक्टोबरात पाटण्यास त्यांचा देहान्त होईपर्यंत ते चालूच राहिले. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी देशाला जी हाक दिली ती याच अवस्थेत. ‘यंत्राला जोडला गेला, म्हणजे माणूस संपला’ असे म्हणणाऱ्यांनी या चार वर्षांचे स्मरण ठेवावे.

आता काळवेळेचा विचार. मूत्रपिंडांची गाळणशक्ती किती उरली याचा अंदाज रक्ताच्या साध्या तपासणीवरून एका आकड्यात काढता येतो. हा आकडा ३० च्या खाली आला की मूत्रपिंडतज्ज्ञाची नियमित देखरेख हवीच. २० च्या आसपास आला की पुढील उपचाराची निवड करावयास बसावे. मात्र आकडा उतरला म्हणून घाईने यंत्र लावण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील एका मोठ्या अभ्यासात २०१० साली असे दिसून आले की, लवकर डायलिसिस सुरू केलेले रुग्ण उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा अधिक जगले नाहीत. भूक मरणे, उलट्या, अंगाला न थांबणारी खाज, औषधांनी न उतरणारी सूज, धाप, ही लक्षणे पाहून वैद्य आरंभाचा दिवस ठरवितात. तात्पर्य, तयारी लवकर करावी, आरंभ योग्य वेळी करावा.

तयारीतील पहिली गोष्ट म्हणजे हात. यंत्राकडे रक्त वेगाने नेण्यासाठी हातातील धमनी व शीर एकमेकींस जोडण्याची एक छोटी शस्त्रक्रिया करतात. तिला फिस्टुला म्हणतात. ही पद्धती १९६६ साली न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली व आजही तीच सर्वोत्तम मानली जाते. परंतु जोडलेली शीर फुगून, जाड होऊन सुई टोचण्याजोगी होण्यास साधारण दीड ते तीन महिने लागतात. ज्याने शस्त्रक्रिया भीतीपोटी पुढे ढकलली, त्याला आणीबाणीच्या प्रसंगी मानेच्या शिरेत नळी घालून घ्यावी लागते आणि अशा नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो. म्हणून ज्या हाताने आपण लिहीत वा जेवत नाही तो हात आजपासूनच राखून ठेवावा. त्या हातातून रक्त काढू देऊ नये, सलाइन लावू देऊ नये. फिस्टुला झाल्यावर त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये, जड पिशवी अडकवू नये, तो उशाखाली घेऊन निजू नये. जोडावर बोटे ठेवली असता एक अखंड थरथर जाणवते. ती रोज सकाळी पाहावी आणि थांबलीशी वाटली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुवासिनींनी त्या हातात घट्ट वा काचेच्या बांगड्या घालू नयेत. यात काही अशुभ नाही, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनीच आपण होऊन सुनेला सांगावे. डॉक्टरांच्या शब्दापेक्षा त्यांच्या शब्दाने तिचे मन अधिक निश्चिंत होईल.

दुसरी गोष्ट उपचाराच्या प्रकाराची. रुग्णालयातील यंत्रावर बहुधा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास बसावे लागते. दुसरा प्रकार पोटाच्या डायलिसिसचा. पोटात एक मऊ नळी कायमची बसवितात आणि तिच्यातून सुमारे दोन लिटर द्रव आत सोडून काही तासांनी बाहेर काढतात. दिवसातून तीन-चार वेळा घरच्या घरी हे करता येते. ज्यांचे गाव रुग्णालयापासून दूर आहे, नदी-घाट ओलांडून जावे लागते, त्यांनी या प्रकाराची चौकशी अवश्य करावी. मात्र त्यास स्वच्छ खोली, धुतलेले हात व रोजची काटेकोर शिस्त लागते. सोवळ्याची सवय असलेल्या घरांना ही शिस्त जड जाऊ नये. कोणताही प्रकार निवडला तरी कावीळ-ब या रोगाची लस आधीच पुरी करून घ्यावी, कारण तिच्या मात्रा कित्येक महिन्यांवर विभागलेल्या असतात.

आहाराविषयी आपल्या समाजापुरते विशेष बोलणे अगत्याचे आहे. निकामी मूत्रपिंडांस पोटॅशियम हा क्षार बाहेर टाकता येत नाही आणि तो वाढल्यास हृदय अकस्मात थांबू शकते. आपल्या उपवासाच्या फराळाकडे या दृष्टीने पाहा : बटाटा, रताळे, केळे, शेंगदाणे, शहाळ्याचे पाणी, जवळजवळ प्रत्येक पदार्थ पोटॅशियमने भरलेला! एकादशीस निर्मळ मनाने केलेला हा फराळ अशा रुग्णास धान्याच्या जेवणापेक्षा अधिक घातक होऊ शकतो. सैंधव हेही मीठच आहे आणि कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ तर पोटॅशियमयुक्त असते. पाच कडांचे, आडवे कापले असता चांदणीसारखे दिसणारे कमरख हे फळ परसात असेल, तर रुग्णाने त्याची फोडही चाखू नये; मूत्रपिंडे निकामी असता त्याने उचकी, भ्रम व आकडी येऊन माणसे दगावली आहेत. पाण्याचा हिशेब करताना पेज, आमटी, ताक व सोलकढी हीही पाण्यातच धरावीत. उलट, प्रथिने डायलिसिसपूर्वी बेताने घ्यावयाची असली तरी डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात. डाळी, दही, अंडे वा मासळी किती घ्यावी हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. तीर्थाची एक पळी व प्रसादाचा एक कण पुरेसा आहे. जे शरीर धर्माचरणाचे साधन त्याच्या रक्षणासाठी व्रतात केलेला बदल व्रतभंग ठरत नाही. शंका असल्यास श्रीसंस्थानकडे विचारावे, पण वैद्यापासून उपवास लपवू नये. सांधेदुखीवरच्या गोळ्या व अज्ञात घटकांची भस्मे यांचीही वैद्याला न विचारता वाट धरू नये.

खर्चाची धास्ती खरी आहे. दिवस वाचविण्यासाठी नव्हे, पैसे वाचविण्यासाठी तीनाऐवजी दोनच वेळा डायलिसिस घेणारे रुग्ण आपल्या देशात पुष्कळ आहेत. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, त्यान्वये जिल्हा रुग्णालयांत गरिबांस हा उपचार विनामूल्य मिळतो. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत व महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले योजनेतही त्याचा समावेश आहे. कागदपत्रे प्रकृती बरी असतानाच जमवावीत. नोकरी करणाऱ्याने वरिष्ठांशी वेळेविषयी आधीच बोलावे. बँकेची खाती, विमा, वारसाची नोंद यांची माहिती घरात निदान एकाला तरी असावी. हे मरणाचे चिंतन आहे असे मानू नये. लांबच्या यात्रेस निघणारा माणूसही घर लावूनच निघतो.

आता मनाविषयी. बातमी कळताच माणूस प्रथम ती नाकारतो, मग रागावतो, मग ‘माझ्याच वाट्याला हे का’ असे म्हणत खिन्न होतो. हे स्वाभाविक आहे. त्याबद्दल त्यास कोणी दूषण देऊ नये. विशेषतः ‘पूर्वकर्माचे फळ’ हे शब्द समाचाराला जाणाऱ्याने तोंडातून काढू नयेत. कर्मसिद्धान्त स्वतःच्या आचरणाची कसोटी म्हणून आहे, दुसऱ्याच्या दुखण्यावरचा निकाल म्हणून नाही. भीतीवर उत्तम उपाय म्हणजे पाहणे. आरंभापूर्वी एकदा डायलिसिसच्या खोलीत जाऊन यावे, तेथील अनुभवी रुग्णाशी बोलावे. सुई टोचते, कधी पाय वळतात, कधी रक्तदाब उतरतो आणि घरी आल्यावर थकवा येतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. आणि पुढल्या महिन्यात मुलीचे लग्न काढले आहे, हेही त्याच्याच तोंडून ऐकावे. आठवड्याचे तास १६८. त्यांतील १२ यंत्राचे. जाणे-येणे व थकवा धरूनही पुष्कळ आयुष्य उरते, ते कशासाठी वेचावयाचे हे आधी ठरवावे. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणेच नको वाटू लागले, तर ती मनोदौर्बल्याची खूण समजू नये. त्यावर औषध आहे व ते घ्यावे.

शेवटी दोन नाजूक गोष्टी. काही रुग्णांना मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण शक्य असते व त्याचा विचार डायलिसिसपूर्वीच सुरू करणे हिताचे असते. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आई, पत्नी, बहीण यांची संख्या अधिक आहे. दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वेच्छेने. घरातील स्त्रीला तीच मोकळीक असली पाहिजे. तिचा नकारही तितकाच आदराने ऐकावा. दुसरी गोष्ट अतिवृद्ध व इतर व्याधींनी जर्जर झालेल्यांची. त्यांना डायलिसिसने आयुष्य फारसे लाभेलच असे नाही आणि उरलेले दिवस रुग्णालयाच्या फेऱ्यांत जातात. यंत्र न घेता धाप, खाज, वेदना यांचे औषधोपचाराने शमन करून घरी राहणे, हाही वैद्यकास मान्य असलेला मार्ग आहे. तो निवडणाऱ्यास आत्मघाताचा दोष लावू नये व मुलांना कृतघ्न म्हणू नये. मात्र हा निर्णय रुग्णाचा, शुद्धीवर असताना, सर्वांसमक्ष बोलून झालेला असावा.

शिष्यवर्गाकडे माझे एकच मागणे आहे. अशा घरी समाचारास जाताना शहाळी व केळी नेऊ नका. ‘मंगळवारी रुग्णालयात मी घेऊन जातो’ असे म्हणा आणि दर मंगळवारी जा. समारंभात त्याच्या पानावर आग्रह करू नका, पण आमंत्रण देण्यास विसरू नका. रुग्णाची अर्धी सिद्धता त्याने करावयाची असते, उरलेली अर्धी त्याच्या माणसांनी.

श्रीदेव सर्वांस आरोग्य देवो. आणि ज्यांच्या वाट्यास हा नियम आला आहे, त्यांस तो धीराने पाळण्याचे बळ देवो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.