आधी वायर न जोडता वाजवा

दुकानात इलेक्ट्रिक गिटार हातात आली, की पहिली घाई होते ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची. थांबा. मोठ्या आवाजात पुष्कळ दोष झाकले जातात.

आधी तशीच वाजवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून छेडा. झणझण आली, तर तार कुठेतरी घासते आहे. मग बारावा फ्रेट. तो मोकळ्या तारेच्या मध्यावर असतो. तिथे बोट नुसतं टेकवून छेडा, मग दाबून छेडा. सूर एकच हवा. थोडा फरक ब्रिजवरचे स्क्रू फिरवून काढता येतो, तेव्हा तेवढ्यावरून गिटार नाकारू नका.

आता वायर जोडा. पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली, की त्यांत वीज उमटते. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप होते. आवाज लखलखीत, पण आसपासच्या विजेची गुणगुणही ते पकडतात. दोन वेटोळ्यांचा हंबकर ती बरीचशी खोडून काढतो.

आणि हो, अ‍ॅम्प घरी वापरणार तसाच छोटा मागा. रंग सगळ्यात शेवटी बघा.